सतरा झाडांवर हरकत

गावाचा पुढच्या पंचवीस वर्षांचा विकास आराखडा नगरपालिकेच्या सभागृहात भिंतीवर लागला, तेव्हा काटकोनकाकांची त्याच्याकडून एकच माफक अपेक्षा होती. तो सरळ लागावा.

तो सरळ लागला नव्हता. काकांनी दारातूनच डावा डोळा मिटून पाहिले आणि ते तडक भिंतीपाशी गेले. खिशात ओळंबा होताच. इतरांच्या खिशात रुमाल असतो तसा काकांच्या खिशात ओळंबा असे. दोरी सोडून पाहिली, तर आराखडा डावीकडे पाऊण इंच उतरलेला. म्हणजे रस्ते, बाजार, शाळा, बसस्थानक असा पाव शतकाचा सगळा विकासच एका अंगावर कलंडला होता आणि खाली जमलेले नागरिक माना वाकड्या करून तो तसाच वाचत होते.

“हरकती-सूचनांसाठी तीस दिवस आहेत, काका,” आवक-जावक टेबलामागचा कारकून म्हणाला. “लेखी द्या. तीन प्रतींत.”

“आराखडा वाकडा लागलाय.”

“तेच लेखी द्या.”

“त्यापेक्षा स्टूल द्या.”

कारकुनाने स्टूल दिले आणि ते स्वतः धरलेही. काकांचा तेवढा दबदबा होता. तांत्रिक विद्यालयाची पदविका घेऊन ते याच इमारतीत आरेखक म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी येथूनच निवृत्त झाले. घरी टेबलावरचे वर्तमानपत्र, चष्मा आणि चहाचा कप एकमेकांशी काटकोनात नसतील तर त्यांना बातमी समजत नसे. सलूनवाल्याकडे दाढी झाली की दोन्ही कल्ले ते खिशातल्या पट्टीने मोजून घेत. परंतु टोपणनाव मिळाले ते या सवयींमुळे. मान मिळाला तो नकाशामुळे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी काकांनी साखळी टाकून घरन् घर मोजले आणि गावाचा पहिला संपूर्ण नकाशा काढला. तेव्हापासून गावात हद्दीचे भांडण पेटले की कोणीतरी म्हणे, “काकांच्या नकाशात बघा,” आणि भांडण तिथेच विझे. अकरा वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोन सख्ख्या भावांनी काकांच्या नकाशावरून मधली भिंत उभी केली होती. ते अजूनही बोलत नाहीत, पण भिंतीबद्दल दोघांचे एकमत आहे. काकांच्या नकाशात हातभराचा फरक नाही, हे गावातले लहान मूलही सांगे. काकांच्या नावावर शेत नव्हते, दुकान नव्हते. ही एक ख्याती तेवढी होती आणि ती त्यांनी इस्त्रीच्या कपड्यासारखी घडी न मोडता जपली होती.

तर काका स्टुलावर चढले. वरचा खिळा नीट करून खालचा उजवा कोपरा दाबायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. रंगांच्या खाली, नव्या रेषांच्या मागे, अक्षरे त्यांचीच होती. ‘न’ची ती गोल गाठ आणि ‘श’चा तो ऐटदार पोटभाग दुसऱ्या कोणाचा असणे शक्य नव्हते. नव्या मंडळींनी संगणकावर आराखडा करताना पाया म्हणून काकांचाच नकाशा घेतला होता!

“काका, बरं वाटत नाही का?” कारकुनाने खालून विचारले.

“मला?” काका म्हणाले. “मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.”

आणि त्याच क्षणी त्यांना झाडे दिसली.

त्या झाडांविषयी सांगायलाच हवे. नकाशा पूर्ण झाला त्या दिवशी तेव्हाच्या मुख्य अभियंत्यांनी तो टेबलावर पसरला, मान डोलावली आणि म्हणाले, “काम चोख आहे हो. पण उद्या वरचे साहेब तपासायला येणार आणि हा खालचा कोपरा अगदी ओकाबोका वाटतो.” ओकाबोका असणारच, तिथे गावाच्या कडेचे एक टेकाड होते आणि टेकाडावर काही नव्हते. काका तेव्हा तेवीस वर्षांचे. तांत्रिक विद्यालयात वृक्षचिन्हांच्या आरेखनात वर्गात पहिले आलेले आणि नोकरीत वर्षभर गटारे सोडून काहीही काढायला न मिळालेले. त्यांनी त्या कोपऱ्यात झाडे काढली. सतरा. प्रत्येकाला स्वतंत्र पर्णसंभार, आणि प्रकाश वरून डावीकडून येतो या नियमानुसार प्रत्येकाची सावली खाली उजवीकडे. अठरावे झाड समासात जात होते, म्हणून ते काढले नाही. समासात झाड काढणे हा अप्रामाणिकपणा झाला असता.

वरचे साहेब खूश झाले. झाडे राहिली. काकांनी या गोष्टीचा उच्चार कोणापाशी केला नाही आणि पुढे पुढे स्वतःपाशीही केला नाही.

आता त्या सतरा झाडांवर हिरवा रंग चढला होता आणि शेजारी छापले होते: ‘विद्यमान वनराई. संरक्षित. बांधकामास मनाई.’ आणि या वनराईला धक्का लागू नये म्हणून गावाचे नवे रुग्णालय, जे बसस्थानकाशेजारच्या त्या टेकाडावर अगदी सोयीने बसले असते, ते उचलून ओढ्यापलीकडे साडेचार किलोमीटरवर नेऊन ठेवले होते. पंचवीस वर्षे गावातला आजारी माणूस सतरा चिन्हांना वळसा घालून जाणार होता.

काका स्टुलावरून उतरले. दरम्यान कारकुनाने वार्ता बाहेर पोचवली होती. पायऱ्यांवरच निवृत्त हेडमास्तरांनी काकांचा हात हातात घेतला. “ऐकलं! तुमच्या नकाशावर उभा आहे म्हणे सगळा आराखडा. पंचवीस वर्षं, काका! माणसाला आणखी काय हवं?”

“थोडी दुरुस्ती,” काका पुटपुटले.

“विनय बघा!” हेडमास्तर जमलेल्यांकडे वळून म्हणाले. “याला म्हणतात विनय.”

त्या संध्याकाळी काका हरकत लिहायला बसले. खोटे लिहायचे नव्हते आणि खरे लिहिण्याची हिंमत नव्हती, अशा माणसाला भाषा किती उपयोगी पडते पाहा. चार कच्चे मसुदे फाडल्यावर पाचव्यात वाक्य साधले: ‘सदर टेकाडावर आजमितीस एकही वृक्ष आढळून येत नाही.’ शब्दन् शब्द खरा. झाडे कधी होती की नव्हती याबद्दल अवाक्षर नाही. त्यातल्या ‘आजमितीस’वर तर काका इतके खूश झाले की त्यांनी तो शब्द तिन्ही प्रतींत किंचित ठळक काढला.

आठव्या दिवशी घरी टपालाने एक जाड लिफाफा आला. आत काकांचीच हरकत होती. सोबत पत्र: ‘विषय तांत्रिक असल्याने तज्ज्ञ समितीच्या स्थानिक सदस्यांचा अभिप्राय मागविण्यात येत आहे.’ ही समिती दोन वर्षांपूर्वी नेमली गेली होती, एकदाही भरली नव्हती आणि तिचे स्थानिक सदस्य काटकोनकाका होते.

काका तातडीने नगरपालिकेत गेले. “अहो, ही माझीच हरकत मलाच आलीय.”

“मग लवकर अभिप्राय द्या,” कारकून म्हणाला. “हरकतदार खोळंबलेत.”

“हरकतदार मीच आहे!”

“ते मला माहीत आहे, काका. फाइलला माहीत नाही.”

घरी येऊन काकांनी आपल्या हरकतीचा निष्पक्षपातीपणे अभ्यास केला. टेकाडावर जाऊन झाडे मोजून आले; शून्य भरली. अभिप्राय लिहिला: ‘हरकतीत तथ्य आहे.’ एवढ्यावर थांबायला हवे होते, पण शेवटी एक ओळ लिहिल्यावाचून राहवले नाहीच: ‘हरकतदाराने मांडणी नेटकी व हस्ताक्षर अनुकरणीय ठेवले आहे.’

आता प्रकरण मिटले असे समजून काका दोन दिवस शांत झोपले. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला. मंजूर नकाशात झाडे आहेत, तज्ज्ञांच्या अभिप्रायानुसार आजमितीस ती नाहीत, तेव्हा मधल्या काळात ती कोणीतरी तोडली असा निष्कर्ष निघतो; वृक्षतोड करणाऱ्याविषयी नागरिकांनी माहिती द्यावी आणि चोविसाव्या दिवशीच्या जाहीर सुनावणीस हजर राहावे. ‘आजमितीस’ हा शब्द त्या कागदात अवतरणचिन्हांत होता.

गाव पेटून उठले. सलूनमध्ये काकांच्या गळ्याभोवती कापड बांधून वस्तरा परजत सलूनवाला म्हणाला, “काका, माझं बालपण तोडलं हो कोणीतरी. त्या नवव्या झाडाला आम्ही झोका बांधायचो.”

“नवव्या?”

“नकाशात वरून नववं. काल जाऊन बघितलं, लगेच ओळखलं.”

शेजारच्या खुर्चीतून हेडमास्तर साबणाच्या फेसासकट बोलले, “अकराव्याखाली मी वर्ग घेतलेत. शाळेचं छप्पर दुरुस्तीला होतं तेव्हा. काय गार सावली! खाली उजवीकडे पडायची.”

काकांना काहीतरी बोलायचे होते, पण वस्तरा नेमका कंठाशी होता. तो दूर झाला तेव्हा दोघांचा वाद भलत्याच ठिकाणी पोचला होता: झोका आधी की वर्ग आधी. माणसांच्या डोक्यात झाडे इतक्या वेगाने वाढतात हे काकांना तांत्रिक विद्यालयात कोणी शिकवले नव्हते. त्या दिवशी ते कल्ले न मोजताच घरी आले, आणि ते एका बाजूला दोन मिलिमीटर चढलेले असल्याचे त्यांना आरशात दिसले तरी परत गेले नाहीत.

माहिती देणाऱ्यांनी माहिती दिली. टेकाडाला लागून लाकडाची एकच वखार होती. वखारीच्या मालकाला नोटीस गेली: सतरा झाडांचा खुलासा करा. वखारीचे मालक हे काकांचे व्याही. काकांची एकुलती एक लेक त्या घरात दिलेली.

नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही स्वतः काकांकडे आले. एरवी आले की आरामखुर्चीत ऐसपैस बसून खुर्चीच्या लाकडाला नावे ठेवीत. आज ते साध्या खुर्चीच्या कडेवर टेकले. काकूंनी आणलेला चहा हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

“व्याहीबुवा,” ते म्हणाले, “मी माफी मागायला आलोय.”

“कसली?”

“आमच्या बाबांनी ती झाडं तोडली.”

काकांनी बशी खाली ठेवली. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या नकाशानं. दुसरं कोण सांगणार? मी जन्मलो तिथं. मला ते टेकाड पहिल्यापासून उघडंच आठवतं. पण माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलात? माणूस विसरतो. तुमच्या नकाशात हातभराचा फरक नाही, हे मी माझ्या मुलांना सांगत आलोय. झाडं होती म्हणजे होती. आणि शेजारी वखार आमचीच.” त्यांनी चहा टेबलावर ठेवला, तिरका. “बाबांनी जन्मात परवान्याशिवाय फांदी विकत घेतली नव्हती, असं मी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. काल वखारीत त्यांच्या फोटोकडे वर बघवेना मला. सुनावणीत उभा राहून सांगणार आहे. त्यांच्या वतीनं कबुली देतो, म्हणजे नातवंडांवर तरी ठपका राहायचा नाही.”

“घाई करू नका,” काका कसेबसे म्हणाले.

“घाई कसली? चार दिवस आहेत.” व्याही उठले. दारात थांबून म्हणाले, “तुमच्या झाडांना तोंड दाखवायला जागा नाही मला.”

ते गेले. काकांनी वर्तमानपत्र सरळ केले. मग पुन्हा सरळ केले.

“अहो,” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “ती झाडं कुठं होती?”

“नकाशात.”

“ते कळलं. जमिनीवर कुठं होती?”

काकांनी चष्म्याची काडी टेबलाच्या कडेला समांतर केली.

“अडतीस वर्षं बघतेय तुम्हाला,” काकू म्हणाल्या. “खोटं बोलायचं असलं की तुम्ही पेपर दोनदा सरळ करता. आज तीनदा केलात तर मी लेकीला फोन करून सांगेन.”

काकांनी सांगितले. कोपरा, साहेब, समास, सगळे. काकू ऐकत राहिल्या. अखेर त्यांनी फक्त विचारले, “सतरा? एकदम सतरा?”

“चिन्हं छान जमत होती गं.”

“तो माणूस आपल्या मेलेल्या बापाला चोर म्हणायला निघालाय, तुमची चिन्हं छान जमली म्हणून.”

“सुनावणीत उभा राहिलो तर एक्केचाळीस वर्षांचं नाव जाईल माझं. उद्या प्रत्येक हद्दीवर लोक विचारतील, ही भिंत तरी खरी की कोपरा भरायला काढली?”

“विचारू देत. मोजून दाखवा. ते तरी येतं ना तुम्हाला?”

काकांना हा प्रश्न फार झोंबला, आणि झोंबला म्हणूनच बहुधा उपयोगी पडला. दुसऱ्या दिवशी ते नगरपालिकेच्या दप्तरखान्यात गेले आणि धुळीतून आपले जुने फील्डबुक शोधून काढले. फील्डबुक म्हणजे मोजणी चालू असताना जागेवरच भरायची वही. तिच्यात शोभेला जागा नसते. टेकाडाच्या पानावर तेवीस वर्षांच्या काकांनी स्वच्छ लिहिले होते: ‘उघडा कातळ. वर गवत.’ त्या तरुणाचा काकांना एकाच वेळी अभिमान वाटला आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

चोविसाव्या दिवशी सभागृह भरले. नगररचना विभागाच्या मॅडम समोरच्या टेबलाशी बसल्या होत्या. तिशीच्या, नीटनेटक्या, पेन्सिलीला उत्तम टोक केलेल्या. पहिल्या रांगेत व्याही हातात कबुलीचा कागद घेऊन बसले होते. मॅडमनी त्यांचे नाव पुकारले आणि ते उठणार, तोच मागून काका उभे राहिले.

“आधी माझं ऐकून घ्या. ती झाडं कोणी तोडली नाहीत. ती नव्हतीच. मी काढली होती. कोपरा रिकामा होता म्हणून.”

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि काकांनी तिचा कोनही सांगितला असता. मग मागच्या रांगेतून एक टाळी वाजली, दुसरी वाजली आणि सगळे सभागृह टाळ्यांनी दणाणले.

हेडमास्तर डोळे पुसत उठले. “बघा! व्याह्यांच्या घराण्यासाठी माणूस आपलं जन्माचं नाव पणाला लावतोय! असत्य आहे, पण काय थोर असत्य आहे!”

“अहो, सत्य आहे!” काका ओरडले.

“हेच ते,” हेडमास्तर सद्गदित होऊन म्हणाले.

काकांच्या स्वाभिमानाला आजवर अनेकदा ठेच लागली होती, पण ही नवीनच होती. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या नकाशावर विश्वास ठेवला; आणि ज्या एका गोष्टीत तो चुकला, तिथे लोक काकांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांनी फील्डबुक पुढे केले. मॅडमनी मोठ्याने वाचले, “‘उघडा कातळ. वर गवत.’”

“गवत झाडांखालीच असतं,” सलूनवाला म्हणाला. “मी झोक्यावरून पडलो तो गवतावरच.”

व्याही आता वळून काकांना म्हणाले, “व्याहीबुवा, माझ्यावर दया म्हणून हे करत असाल तर करू नका. मला खरं हवंय.”

“मग पहार आणा,” काका म्हणाले. “कातळावर झाड उगवत नाही. सतरा जागा दाखवतो. एकेक ठोकून बघा.”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. “सुनावणी टेकाडावर तहकूब,” त्या म्हणाल्या.

सगळे सभागृह टेकाडावर लोटले. व्याह्यांनी वखारीतून पहार आणली, काकांनी घरून टेप आणि ओळंबा, मॅडमनी गाडीतून काठीवर बसवलेले, उपग्रहाशी बोलणारे एक यंत्र. त्या यंत्रात काकांचा नकाशा आधीच भरलेला होता. नकाशातली जागा आणि जमिनीवरची जागा यांत किती अंतर आहे ते यंत्र दाखवणार होते. काका हद्दीच्या दगडापाशी गेले; तिथून प्रत्येक झाडापर्यंतचे नकाशातले अंतर त्यांना तोंडपाठ होते. गुडघे टेकून टेपचे टोक त्यांनी दगडावरच्या खाचेत बसवले आणि एक्केचाळीस वर्षांनी पुन्हा, या वेळी नसलेल्या वस्तूंची, मोजणी सुरू केली.

“पहिलं झाड,” काका ओळंबा सोडून म्हणाले. “इथं.”

मॅडमनी काठी टेकवली. “अकरा सेंटिमीटर फरक.”

“तुमच्या यंत्राचा असेल.”

व्याह्यांनी पहार उचलून आदळली. खण्ण! दोन बोटे मातीखाली अखंड कातळ.

“पहिलं असेल चुकून,” हेडमास्तर म्हणाले. “बाकीची सोळा?”

तेव्हा बाकीची सोळा. दुसरे, तिसरे, चौथे. काका मोजीत, मॅडम काठी टेकवीत, पहार खणखणे. नवव्या जागी सलूनवाला स्वतः पुढे आला आणि त्याने पहार मागून घेतली. खण्ण. त्याने पहार परत दिली. “मी बहुतेक दुसऱ्या टेकाडावर खेळलो असेन,” तो म्हणाला.

अकराव्या जागी हेडमास्तर म्हणाले, “वर्ग जरा पलीकडे भरत असेल.”

“पलीकडे आमची वखार आहे, मास्तर,” व्याही म्हणाले. “आमच्याकडे शाळा भरल्याचं मला तरी कोणी सांगितलं नाही.”

बाराव्यापासून गर्दीचा सूर पालटला. झाडे नाहीत हे आता सगळ्यांना पटले होते. पण लोक घरी जात नव्हते. कारण यंत्र दर वेळी बोलत होते, ‘नऊ सेंटिमीटर’, ‘सात’, ‘दहा’, आणि दर वेळी लोकांच्या तोंडून ‘वा!’ निघत होता. पासष्टीला टेकलेला माणूस नुसत्या टेपने आणि ओळंब्याने, उताराच्या टेकाडावर, कधीही नसलेले झाड वीतभराच्या आत शोधून काढत होता. तेराव्याला कोणीतरी काकांसाठी पाणी आणले. पंधराव्याला सलूनवाला टेपचे दुसरे टोक धरून उभा राहिला आणि “ताण धरा, सैल सोडू नका” असे काकांचे बोलणे निमूट ऐकू लागला. काकांचे गुडघे दुखत होते, विजारीला माती लागली होती, गावासमोर आपली अब्रू आपल्याच हाताने सतरा ठिकाणी ठोकून घेण्याचे काम चालले होते, आणि तरीही त्यांची पाठ हळूहळू ताठ होत गेली.

सतरावी जागा वखारीच्या कुंपणालगत होती. काकांनी बोट दाखवले. काठी टेकली. “चार सेंटिमीटर,” मॅडम म्हणाल्या आणि थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “आणि ते यंत्राचेच.”

व्याह्यांनी पहार दोन्ही हातांनी उचलली. खण्ण. त्यांनी ती तिथेच सोडून दिली. कातळावरची माती पायाने बाजूला सारली, जणू खाली अजून काही असेल. मग खिशातला कबुलीचा कागद काढून त्याचे चार तुकडे केले.

“बाबांनी नाही तोडली,” ते म्हणाले.

“नाही,” काका म्हणाले. “व्याहीबुवा, मी तेव्हाच...”

“तुम्ही थांबा.” व्याह्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “चार रात्री मला झोप नाही. नोटीस आल्याच्या दिवशीच सांगितलं असतंत तर बिघडलं असतं का काही?”

“माझं नाव...”

“तुमच्या नावासाठी मी माझ्या बापाचं नाव द्यायला निघालो होतो. तुमच्यावर विश्वास म्हणून.” काकांनी मान खाली घातली. ती इतकी खाली गेली की व्याह्यांनाच पाहवेना. ते यंत्राच्या पडद्यावरच्या नकाशातला तो कोपरा लाकडाच्या व्यापाऱ्याच्या नजरेने न्याहाळत म्हणाले, “मला तेव्हाच संशय यायला हवा होता. सावली झकास आहे तुमच्या झाडांची, पण लाकूड अगदीच हलकं दिसतं.”

काकांनी मान वर केली. “ती चिन्हं आहेत.”

“चला आता घरी. सुनेनं, म्हणजे तुमच्या लेकीनं, सकाळपासून चारदा विचारलंय तुमचं काय झालं म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा तिला.”

अठ्ठाविसाव्या दिवशी मॅडमनी सुनावणीचा अहवाल मसुद्याच्या रूपात सूचनाफलकावर लावला. वनराई रद्द. रुग्णालय परत टेकाडावर, बसस्थानकापासून पाच मिनिटांवर. वखारीच्या मालकांवरील नोटीस मागे. शिवाय शहाणपणाची एक ओळ: जुन्या नकाशातील इतर सर्व मोजमापे पडताळून पाहिली असता अचूक आढळली. लोकांनी तो वाचला, काकांच्या पाठीवर थाप मारली आणि जो तो आपल्या कामाला गेला.

काका मात्र फलकासमोर तास-दीड तास उभे होते. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते: ‘जुन्या नकाशात काही वृक्ष अनवधानाने दर्शविले गेले.’

तिसाव्या दिवशी, मुदत संपायला वीस मिनिटे असताना, काका आवक-जावक टेबलाशी आले. हातात तीन प्रती होत्या.

“आता काय राहिलं, काका?” कारकून जवळजवळ रडकुंडीला आला होता.

“हरकत आहे. घ्या.”

कारकुनाने वाचली. मग सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशी वाचली: “‘अहवालातील तिसऱ्या परिच्छेदावर हरकत. एक, वृक्ष “काही” नव्हते, सतरा होते. दोन, ते “अनवधानाने” दर्शविलेले नाहीत. निम्नस्वाक्षरीकाराने ते पूर्ण अवधानाने, एकेक करून, शाईने काढले होते. चूक माझी आहे. ती मोघम करण्यात येऊ नये.’”

हरकत मान्य झाली. मॅडमनी स्वतः दुरुस्ती केली आणि अंतिम आराखडा छापून आला, तेव्हा त्याची एक प्रत काकांना घरपोच पाठवली. काकांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर वजने ठेवली आणि काकूंना हाक मारली. रुग्णालयाचा लाल चौकोन टेकाडावर बसला होता. खाली बारीक अक्षरात टीप होती. काकांनी ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली, सतरा या शब्दावर जरा जोर देऊन.

“अहो, गावाच्या आराखड्यात पंचवीस वर्षं तुमची चूक छापलेली राहणार,” काकू म्हणाल्या. “आणि तुम्ही छाती काढून वाचताय?”

“चूक आहेच,” काका म्हणाले. “पण मोजलेली आहे.”